हरलेला डाव घरी कसा उलगडायचा

रविवारी संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला फोन वाजतो आणि पलीकडून एखादी आई म्हणते, "ताई, आज परत हरली. जेवत पण नाहीये. आता काय करू?" मिरजेत घरच्या पुढच्या खोलीत मी अठरा वर्षं मुलांना बुद्धिबळ शिकवते आहे. त्यामुळे या फोनचं उत्तर माझं ठरलेलं आहे. आधी तिला जेवू दे, अंघोळ करू दे. मग स्कोअरशीट, म्हणजे डावाच्या चाली लिहिलेला कागद, काढा आणि पट मांडा. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा.

हे कसं करायचं ते मी दरवेळी फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगते. आज एकदा सगळं लिहून काढते, आणि त्यासाठी एक खरा डाव घेते. माझ्या वर्गातली सगळ्यांत लहान मुलगी, अकरा वर्षांची. इथे तिला धाकटीच म्हणते. समोर इचलकरंजीचा तेरा वर्षांचा मुलगा. गेल्या मे महिन्यात कोल्हापूरला झालेल्या रेटिंग स्पर्धेची (जिच्या निकालाने खेळाडूचा रेटिंगचा आकडा वर-खाली होतो) चौथी फेरी. प्रत्येकी ९० मिनिटं आणि प्रत्येक चालीला ३० सेकंद जास्तीचे, म्हणजे इन्क्रिमेंट. धाकटीकडे पांढरी मोहरी. साडेतीन तासांच्या पुढे डाव चालला आणि ती हरली.

हॉलमधून निघण्याआधी

घरी येऊन काय करायचं ते नंतर. अर्धं काम हॉलच्या दारातच होतं किंवा बिघडतं.

पहिलं म्हणजे स्कोअरशीट. नियमानुसार ती आयोजकांच्या मालकीची असते. वरची प्रत आर्बिटरकडे (पंचाकडे) जाते आणि आपल्याकडे येते ती खालची कार्बनची. ती फिकट असते आणि मुलांचं अक्षर शेवटच्या तासात कसं होतं ते तुम्हाला माहीत आहे. त्यामुळे वरची प्रत देण्याआधी तिच्यावरच डोळे फिरवून काही वाचता येत नसेल तर मुलीला तिथेच विचारायला शिकवा. ३० सेकंदांचं इन्क्रिमेंट असलेल्या स्पर्धेत शेवटपर्यंत चाली लिहाव्याच लागतात, पाच मिनिटांपेक्षा कमी वेळ उरला तरी सूट नाही. म्हणजे पूर्ण डाव कागदावर असतो, आणि हे आपलं भाग्य आहे.

त्याच कागदावर चालीशेजारी घड्याळातली वेळ लिहायला नियमाची परवानगी आहे. माझ्या मुलांना मी दर पाचव्या चालीला आणि प्रत्येक मोठ्या विचारानंतर उरलेली मिनिटं लिहायला लावते. एवढी एक सवय लावलीत तरी हरलेला डाव निम्मा आपोआप बोलायला लागतो. एक मात्र पाहा: चाल आधी पटावर करायची, मग लिहायची. आधी लिहून मग विचार बदलायचा, हे चालत नाही.

दुसरं, समोरच्या मुलाबरोबर पोस्टमॉर्टेम, म्हणजे संपलेल्या डावावर बोलणं. हॉलच्या आत बोलायचं नाही, बाहेर व्हरांड्यात पट मिळाला तर तिथे, नाहीतर बाकावर बसून नुसत्या तोंडी. दहा मिनिटं पुरतात. मुलं लाजतात, पण एकदा सुरुवात झाली की मोठ्यांपेक्षा मोकळं बोलतात. तुमच्या मुलाला एकच प्रश्न पाठ करून पाठवा: "तुला कुठे भीती वाटली होती?" धाकटीने हा प्रश्न विचारला आणि त्या मुलाने सांगितलं, "दहाव्या चालीला तू बी४ खेळली असतीस तर माझी पंचाईत झाली असती." (बी४ म्हणजे बी रकान्यातलं प्यादं चौथ्या ओळीत.) हे उत्तर कुठल्याही संगणकातून मिळत नाही. संगणक सांगतो कुठली चाल चांगली. भीती कुठे होती ते समोर बसलेल्या माणसालाच ठाऊक.

तिसरं मी कळवळून सांगते. दारात उभं राहून "याच्याकडून कशी हरलीस, याचं रेटिंग तुझ्यापेक्षा कमी आहे" असं म्हणू नका. मी हे वाक्य अनेकदा ऐकलं आहे आणि त्यानंतर मुलाचा चेहरा कसा बंद होतो ते पाहिलं आहे. त्या क्षणापासून मूल खरं सांगायचं थांबवतं. "त्या वेळी काय विचार केलास?" असं संध्याकाळी विचारलं की ते आपल्याला आवडेल असं उत्तर तयार करून देतं. मग डाव उलगडायला उरतं काय?

पट मांडल्यावर

आता घर. जेवण झालंय. घडीचा प्लास्टिकचा पट असला तरी चालेल, पण मोहरी हातात धरता यावीत. स्क्रीनवर नको. मुलगी स्वतः चाली वाचेल आणि स्वतःच खेळेल, दोन्ही बाजूंच्या. तुम्ही समोर बसायचं आणि ऐकायचं. तुम्हाला बुद्धिबळ येत नसेल तर उलट चांगलंच आहे, कारण तुम्ही मध्येच "अगं, घोडा का नाही खेळलीस" असं म्हणणार नाही. प्रत्येक चालीला एवढंच विचारायचं: "हे खेळताना मनात काय होतं?" आणि तिचं उत्तर कागदाच्या मागे तिच्याच शब्दांत लिहायचं. "काही नव्हतं" हेही उत्तर आहे. तेही लिहा.

आमच्या शेजारच्या सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ उभं केलं, भाग्यश्री साठे-ठिपसे यांच्यासारख्या खेळाडू या मातीतून पुढे आल्या. त्या काळात घरोघरी संगणक नव्हते. डाव उलगडायचा तर दोन माणसांनी एका पटाशी बसूनच. मी हीच पद्धत धरून ठेवली आहे. जुनी म्हणून नव्हे. लहान मुलाला स्वतःचा विचार मोठ्याने बोलायला दुसरी जागाच मिळत नाही, म्हणून.

ओपनिंगवर फार वेळ घालवू नका. आई-वडील आणि काही शिक्षकही पहिल्या दहा चालींवर तासभर घालवतात आणि मुलगी खरी जिथे चुकली तिथे पोचेपर्यंत पेंगायला लागते. धाकटीचा डाव असा सुरू झाला. शीटवर मुलं इंग्रजी अक्षरांत लिहितात, मी इथे बोलते तसं लिहिते. उभे रकाने ए ते एच, आडव्या ओळी १ ते ८, आणि नुसतं घराचं नाव असेल तर ती प्याद्याची चाल.

ई४, ई५. घोडा एफ३, घोडा सी६. उंट सी४, घोडा एफ६. डी३, उंट सी५. मग तिने कॅसलिंग केलं (राजा कोपऱ्याकडे, हत्ती त्याच्या शेजारी), त्याने डी६ खेळलं आणि सहाव्या चालीला तिचा उंट जी५ला गेला. त्याने एच६ केलं, उंट एच४, मग जी५, उंट जी३.

इथे थांबायचं, पण पाचच मिनिटं. आपलं कॅसलिंग झालेलं आणि समोरच्याचं व्हायचं असताना घोड्याला असं पिन केलं (तो हलला तर मागचा वजीर जातो), तर समोरचा एच आणि जी प्यादी बिनधास्त पुढे ढकलतो. त्याचा राजा तिथे नसतोच, त्यामुळे त्याचं काही उघडं पडत नाही. हे धाकटीला नवीन होतं. मी तिला १८६२ साली लंडनला झालेला दुबुआ (पांढरी मोहरी) आणि स्टाइनिट्झ (काळी) या त्या काळच्या मोठ्या खेळाडूंचा डाव दाखवला. पहिल्या आठ पांढऱ्या चाली याच, फक्त क्रम थोडा इकडेतिकडे. तिथे काळ्याने आठव्या चालीला एच५ खेळलं आणि डावही जिंकला. दीडशे वर्षांपूर्वीचा मोठा माणूस आपल्याचसारखा त्याच घरात उंट घेऊन गेला होता हे पाहून तिचा चेहरा सैल झाला. हरलेल्या मुलाला अशी सोबत मिळायला हवी.

इचलकरंजीच्या मुलाने एच५ खेळलं नाही. उंट जी४ला आणला. तिने सी३ केलं, त्याने वजीर डी७. दहावी चाल तिची: दुसरा घोडा डी२. आणि त्याने वजिराच्या बाजूला कॅसलिंग केलं. आता व्हरांड्यातली ती गोष्ट आठवा. बी४ने सी५वरच्या उंटाला हुसकवायचं, मागोमाग ए४. त्याचा राजा ज्या बाजूला जाणार हे दिसत होतं त्याच बाजूला आपली प्यादी पुढे. मी तिला विचारलं, बी४ दिसलं होतं का? म्हणाली, "दिसलं होतं, पण प्यादी पुढे गेली की परत येत नाहीत असं तुम्हीच सांगता ना, म्हणून नाही खेळले." हे मी तिच्या नावापुढे नाही, माझ्या वहीत लिहून ठेवलं. शिकवणाऱ्याचं अर्धवट वाक्य मुलं पूर्ण नियम म्हणून घेऊन जातात. डाव उलगडताना अशा जागा सापडतात आणि त्या दुरुस्त करणं माझं काम आहे.

घड्याळ काय सांगतं

एकोणिसाव्या चालीला डी३चं प्यादं गेलं. तिने उंट हलवला आणि त्या प्याद्याची राखण सुटली. साधी चूक. संगणक लाल खूण करेल आणि मुलगी म्हणेल, "हो, लक्ष नव्हतं." तेवढ्यावर सोडू नका. लक्ष नव्हतं तर ते कुठे होतं?

शीटवर मिनिटं पाहिली. दहाव्या चालीला घड्याळात ९१ होती. म्हणजे दहा चालींत इन्क्रिमेंटमध्ये मिळाली त्याहूनही कमी मिनिटं तिने खर्च केली होती. पंधराव्या चालीला ८८. विसाव्याला पुन्हा ८८. म्हणजे जिथे तिच्या राजासमोर त्याची प्यादी चालून येत होती, तिथे ती एका चालीला अर्धाच मिनिट देत होती. विचारलं तर सावकाश म्हणाली, "तो भरभर खेळत होता. मी विचार करत बसले असते तर त्याला वाटलं असतं मला येत नाही."

हे वाक्य मिळायला वीस मिनिटं लागली. पण मग पुढच्या महिन्याचा अभ्यास ठरला. प्याद्याची राखण कशी करावी हा अभ्यास नव्हे. समोरच्याच्या वेगाने खेळायचं नाही, हा. त्यासाठी आम्ही सराव डावांत दोन नियम केले. समोरच्याची चाल आधी शीटवर लिहायची आणि मगच पटाकडे बघायचं. आणि समोरच्याने झटकन खेळलं तर आपण हात मांडीखाली ठेवायचे. ऐकायला छोटं वाटतं. तीन आठवड्यांत तिच्या विसाव्या चालीची मिनिटं ८८वरून सत्तरच्या आसपास आली.

शेवटची पाच घरं

आता त्या डावातला सगळ्यांत मोलाचा भाग. एक प्यादं कमी असून धाकटी तीस चाली झुंजली. मोहऱ्यांची अदलाबदल होत होत शेवटी उरलं ते असं: तिचा राजा ई१ला, हत्ती बी३ला. त्याचा राजा एफ४ला, हत्ती जी२ला आणि एक प्यादं ई४ला. कृपा करून हे पटावर मांडा आणि पुढचं वाचा. नुसतं वाचून हाताला काही कळणार नाही.

हत्ती तिसऱ्या ओळीत धरून ठेवायचा म्हणजे काळ्या राजाला पुढे यायला वाट मिळत नाही, आणि प्यादं ई३ला ढकललं की हत्ती लांब आठव्या ओळीत नेऊन मागून शह द्यायचे. अठराव्या शतकातल्या फिलिडोर या फ्रेंच खेळाडूच्या नावाने हा बचाव ओळखतात. वर्गात आम्ही तो घोटून घेतला होता आणि तिने तो अकरा चाली बरोबर धरला. ५२व्या चालीला त्या मुलाने हत्ती जी३ला आणून अदलाबदल मागितली. तिने घेतली. अनेकांनी तिला सांगितलं की इथेच चुकलीस. नाही. हत्ती गेल्यावर उरणारा राजा आणि प्याद्याचा डाव बरोबरीचा आहे, आणि तो तिने ओळखला होता याचा मला अभिमान आहे.

५३. हत्ती घेतो जी३, राजा घेतो जी३. ५४. राजा ई२, राजा एफ४. आता ५५वी चाल. इथे तिने चार मिनिटं घेतली आणि राजा एफ२ला नेला. पटावर बाकी सगळ्या घरांत राजा नेऊन पाहा: ई१, डी२, एफ१, कुठेही गेलात तर काळा राजा पुढे घुसतो आणि डाव हरतो. एकच घर वाचवतं, दोन राजे समोरासमोर, मध्ये एक घर आणि चाल समोरच्याची. ऑपोझिशन म्हणतात ते हेच. अकरा वर्षांच्या मुलीने साडेतीन तासांनंतर ते शोधलं.

५५. ... ई३ शह. ५६. राजा ई२, राजा ई४. आणि ५७वी चाल. पांढऱ्या राजाला आता जायला तीनच घरं आहेत: डी१, ई१, एफ१. घड्याळात सात मिनिटं होती. तिने राजा एफ१ला ठेवला, झटकन. मग त्याचा राजा एफ३, तिचा ई१, प्यादं ई२, राजा डी२, त्याचा राजा एफ२ आणि प्यादं वजीर होणार. तिने हात पुढे केला.

सरळ मागे ई१ला जायला हवं होतं. का, हे मुलाला सांगू नका, खेळून दाखवा. राजा ई१ला आहे. काळा डी३ला आला तर आपण डी१, समोरासमोर. एफ३ला आला तर एफ१, पुन्हा समोरासमोर. मग ई२ शह, राजा ई१, आणि आता काळा राजा ई३ला गेला तर आपल्याला हलायला घरच नाही, शहही नाही, म्हणजे स्टेलमेट, डाव बरोबरीत. दुसरीकडे गेला तर प्यादं मारलं. आणि जर आपण आधीच एफ१ला जाऊन बसलो, तर काळा एफ३ला येतो आणि समोरासमोर उभं राहून चाल आपली होते. तिथेच सगळं संपतं. डी१चंही तसंच, आरशातल्यासारखं.

पण मी तिला हे आधी सांगितलं नाही. विचारलं, "५५व्याला चार मिनिटं आणि ५७व्याला काहीच नाही. मध्ये काय झालं?" ती बराच वेळ पटाकडे बघत बसली. मग म्हणाली, "एफ२ सापडल्यावर मला वाटलं, आता झालं. वाचले."

हीच ती जागा. अवघड चाल सापडल्यावर जीव हलका होतो आणि पुढची सोपी चाल आपण बघतच नाही. तिला एंडगेम (डावाचा शेवटचा टप्पा) येत नव्हता असं नाही. ५७व्या चालीआधी तिच्या मनातला डाव संपला होता. यापुढे तिच्या शीटवर, कुठलीही चाल चार मिनिटांपेक्षा जास्त वेळ घेऊन सापडली की तिच्याशेजारी ती एक ठिपका काढते. ठिपक्यानंतरच्या दोन चाली हात मांडीखाली ठेवून.

संगणक शेवटी

एवढं झाल्यावर, शक्यतो दुसऱ्या दिवशी, मोबाइल आणा. लिचेस या संकेतस्थळावर डाव भरा, तिथे स्टॉकफिश हा चाली तपासणारा प्रोग्रॅम फुकट आहे. राजा आणि प्याद्याच्या डावात तर टेबलबेस (मोजक्या मोहऱ्यांच्या स्थितींची आधीच काढून ठेवलेली उत्तरं) कुठलं घर जिंकतं, कुठलं बरोबरी करतं ते अंदाजाने नाही, नक्की सांगतो. त्यात आधी आपण काय लिहिलं आणि संगणक काय म्हणतो हे शेजारी शेजारी ठेवा. जिथे फरक पडतो तिथेच थांबा, बाकी सोडून द्या. संगणक आधी लावला तर मूल बाण बघतं, "कळलं" म्हणतं आणि पुढच्या रविवारी तीच चूक करून येतं. बाणाने उत्तर दिल्यावर प्रश्न कोण विचारणार?

रेटिंगचा हिशोबही एकदाच करा आणि वही मिटा. अठरा वर्षांखालच्या खेळाडूंना, रेटिंग २३०० च्या खाली असेपर्यंत, फिडेचा (जागतिक बुद्धिबळ संघटनेचा) के-फॅक्टर, म्हणजे डावातल्या एका गुणामागे रेटिंग किती हलतं तो आकडा, ४० आहे. म्हणजे बरोबरी आणि हार यांतला अर्धा गुण रेटिंगमध्ये २० गुणांचा. तीन घरांतून एक घर निवडण्याची ती किंमत. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली, तेव्हापासून माझ्याकडे मुली जास्त येतात आणि त्यांचे पालक पहिल्या आठवड्यातच रेटिंग विचारतात. विचारू देत. पण मुलीशी बोलताना तो आकडा महिन्यातून एकदा, यादी लागली की, तेवढाच.

शेवटचं काम स्वयंपाकघरातल्या ओट्यावर झालं. धाकटीच्या वडिलांना बुद्धिबळ फक्त मोहरी हलवण्यापुरतं येतं. मी त्यांना काळा राजा आणि प्यादं दिलं, तिला पांढरा राजा. ५६व्या चालीनंतरची तीच स्थिती. रोज रात्री भांडी आवरेपर्यंत दहा वेळा. पहिल्या रात्री दहापैकी सहा वेळा ती वाचली. तिसऱ्या रात्री दहाच्या दहा. चौथ्या रात्री बाजू बदलल्या आणि वडील चुकले की ती त्यांना दाखवायला लागली. त्या डावाच्या पानावर तिने स्वतः मोठ्या अक्षरांत लिहिलंय: "५७. सरळ मागे." आणि पुढे एक ठिपका.